मैदानावरून कार्यालयात: बॅरी अल्व्हारेझ यांच्या संचालकपदाचे परीक्षण

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडा विभाग तिकिटे विकतात, देणग्या घेतात, प्रक्षेपणाचे हक्क विकतात आणि त्या बदल्यात प्रेक्षकाला वर्षभर खेळ पुरवतात. त्यामुळे कोणत्याही सेवेप्रमाणे याही सेवेचे मूल्यमापन ग्राहकाच्या बाजूने करता येते, आणि तसे ते क्वचितच केले जाते. येथे परीक्षणासाठी घेतला आहे मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा क्रीडा विभाग, आणि त्यातही बॅरी अल्व्हारेझ यांच्या संचालकपदाचा, म्हणजे एप्रिल २००४ ते जून २०२१ हा काळ. त्याआधी चौदा वर्षे ते याच विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते, आणि पुढची जवळपास दोन वर्षे त्यांनी दोन्ही पदे एकत्र सांभाळली. माझा निर्णय आधीच सांगतो: पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा नेमका फुटबॉलसाठी कापला आहे, हे वाचून आश्चर्य वाटेल, म्हणून त्याचे कारण सविस्तर द्यावे लागेल.

क्रीडा संचालक नेमके काय करतो, हे अमेरिकेबाहेरच्या वाचकाला चटकन उमगत नाही. वीसहून अधिक खेळांचे संघ, शेकडो विद्यार्थी खेळाडू आणि १० कोटी डॉलरच्या पलीकडचे वार्षिक अंदाजपत्रक त्याच्या हाती असते. यातले बहुतेक उत्पन्न अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल हे दोनच खेळ मिळवून देतात आणि उरलेले सगळे खेळ त्यावर चालतात. संचालकाची खरी सत्ता तीन गोष्टींत असते. कोणाला प्रशिक्षक नेमायचे, कोणाला काढायचे आणि पैसा कुठे वळवायचा. तो स्वतः एकही सामना जिंकत नाही. ज्याने उभे आयुष्य मैदानाच्या कडेला उभे राहून सामने जिंकण्यात घालवले, त्याला ही खुर्ची मानवेल की नाही, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

अल्व्हारेझ यांची वाट लांबची होती. पेनसिल्व्हेनियातील लँगेलॉथ या छोट्या वस्तीत १९४६ साली त्यांचा जन्म झाला. नेब्रास्का विद्यापीठात ते बॉब डेव्हनी यांच्या हाताखाली लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीतील खेळाडू, म्हणून खेळले. डेव्हनी त्याच काळात प्रशिक्षकपदाबरोबर क्रीडा संचालकाचे कामही पाहू लागले होते. एकच माणूस दोन्ही खुर्च्या सांभाळू शकतो, याचे उदाहरण अल्व्हारेझ यांनी विशीतच जवळून पाहिले होते असे म्हणायला हरकत नाही. पुढे ते नेब्रास्का आणि आयोवा राज्यांत शाळांचे प्रशिक्षक झाले आणि १९७८ मध्ये मेसन सिटीच्या संघाला त्यांनी आयोवाचे राज्य विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांचे आणि मग नोत्र दाम येथे लू होल्ट्झ यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केले. नोत्र दामने १९८८ चे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, तेव्हा बचावाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

१९९० च्या जानेवारीत विस्कॉन्सिनचे तत्कालीन संचालक पॅट रिक्टर यांनी त्यांना नेमले, तेव्हा मागच्या तीन हंगामांत संघाने सहा सामने जिंकले होते आणि सत्तावीस हरले होते. विद्यापीठाचे फुटबॉल मैदान, कॅम्प रँडल स्टेडियम, निम्म्याच्या आसपास रिकामे असे. पहिल्याच पत्रकार परिषदेत अल्व्हारेझ यांनी लोकांना सीझन तिकिटे आत्ताच घेऊन ठेवा, पुढे मिळणार नाहीत, अशा अर्थाचे सांगितले आणि त्या वर्षी अकरापैकी एकच सामना जिंकला. तिकीट विक्रेत्याचा आत्मविश्वास त्यांच्यात पहिल्या दिवसापासून होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. चौथ्या हंगामात, म्हणजे १९९३ साली, संघाने दहा सामने जिंकले. १ जानेवारी १९९४ रोजी यूसीएलएला २१–१६ असे हरवून विद्यापीठाने आपल्या इतिहासातला पहिला रोझ बाउल विजय मिळवला. हंगामाअखेरीस निवडक संघांना बोलावून जे 'बाउल' सामने खेळवले जातात, त्यांतला हा सर्वांत जुना. १९९९ आणि २००० च्या रोझ बाउलमध्येही ते जिंकले, आणि लागोपाठ दोन वर्षे हा सामना जिंकणारा बिग टेन कॉन्फरन्सचा, म्हणजे विस्कॉन्सिन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाचा, तो पहिला संघ ठरला. चेंडू घेऊन धावणाऱ्या रॉन डेन या खेळाडूला १९९९ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाली.

या यशाला काही डागही आहेत. ३० ऑक्टोबर १९९३ रोजी मिशिगनला हरवल्यावर विद्यार्थी मैदानाकडे लोटले, कठड्यांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे सत्तर जण जखमी झाले. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. २००० साली एका दुकानाने खेळाडूंना जाहीर न केलेली सवलत दिल्याचे वृत्तपत्राने उघड केले आणि हंगामाच्या तोंडावर दोन डझनांहून अधिक फुटबॉल खेळाडूंवर निलंबनाची कारवाई झाली. एवढ्या खेळाडूंनी एकाच दुकानातून बूट घेतले आणि प्रशिक्षकांच्या दालनात त्याची कुणकुणही लागली नाही, हे मला तरी पटायला जड जाते. मात्र हे दोन्ही प्रसंग संचालकपदाच्या आधीचे असल्याने गुण देताना ते मी हिशेबात धरलेले नाहीत.

अल्व्हारेझ यांना वारशाने काय मिळाले, हे मात्र हिशेबात धरलेच पाहिजे. रिक्टर हे विस्कॉन्सिनचे गाजलेले माजी खेळाडू होते, पण पेशाने प्रशिक्षक नव्हते. व्यावसायिक फुटबॉल खेळून झाल्यावर ते एका खाद्यपदार्थ कंपनीत अधिकारी होते. १९८९ मध्ये त्यांच्या हाती विभाग आला तो तोट्यात बुडालेला होता. १९९१ मध्ये त्यांनी बेसबॉलसह पाच खेळ बंद केले, आणि विस्कॉन्सिन हे आजही बेसबॉलचा संघ नसलेले बिग टेनमधील एकमेव विद्यापीठ आहे. हा निर्णय कटू होता, पण विभाग त्यामुळे तगला. १९९८ मध्ये उघडलेले कोल सेंटर हे बास्केटबॉल आणि हॉकीचे सभागृह रिक्टर यांच्या काळातले, २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कॅम्प रँडलच्या मोठ्या नूतनीकरणाचा आरंभही त्यांचाच, आणि बास्केटबॉलचे प्रशिक्षक बो रायन यांना २००१ मध्ये आणणारेही तेच. कॅम्प रँडलबाहेर अल्व्हारेझ यांचा पुतळा २००६ मध्येच उभा राहिला आणि २०२२ मध्ये मैदानालाही त्यांचे नाव मिळाले. मात्र दुकानाची पडझड थांबवून ते चालते करून देणारा माणूस दुसराच होता. अल्व्हारेझ यांना घडी बसलेले दुकान मिळाले, आणि ते त्यांनी विस्कटू दिले नाही, हे त्यांचे श्रेय मी कमी लेखत नाही, कारण घडी विस्कटणारे वारसदार याच क्षेत्रात भरपूर सापडतात.

आता सेवेच्या सर्वोत्तम भागाकडे वळतो, आणि तो फुटबॉल नाही. तो आहे महिलांची आइस हॉकी. मार्क जॉन्सन हे १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकन संघातले खेळाडू. २००२ पासून ते विस्कॉन्सिनच्या महिला संघाचे प्रशिक्षक आहेत. अल्व्हारेझ यांच्या कारकिर्दीत या संघाने २००६, २००७, २००९, २०११, २०१९ आणि २०२१ अशी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २००६ मध्ये तर पुरुषांचा संघही विजेता ठरला, आणि एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे मिळवणारे ते पहिले विद्यापीठ झाले. येथे संचालकाने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे चालत्या गाडीला खीळ घातली नाही. जॉन्सन २०१० च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या महिला संघाबरोबर एक हंगाम बाहेर राहिले आणि परत येऊन आपल्याच जागेवर रुजू झाले. दुसरी गोष्ट म्हणजे महिलांच्या हॉकीसाठी कोल सेंटरला लागूनच लबान अरीना हे स्वतंत्र सभागृह २०१२ मध्ये उभे राहिले. त्यात साधारण दोन हजार तीनशे प्रेक्षक बसतात. कोल सेंटरमध्ये हॉकीसाठीच्या पंधरा हजारांहून अधिक खुर्च्यांपैकी बहुतेक रिकाम्या ठेवून महिलांचे सामने खेळवण्यापेक्षा छोटे, पण भरगच्च सभागृह बांधावे, ही दृष्टी ज्याला दिवसभर ऐंशी हजारांच्या स्टेडियमची सवय आहे अशा माणसाकडून मला अपेक्षित नव्हती. मागणी किती वाढली होती याचा पुरावा जानेवारी २०१७ मध्ये मिळाला. त्या महिन्यात एक सामना मुद्दाम कोल सेंटरमध्ये खेळवला गेला आणि त्याला १५,३५९ प्रेक्षक आले. विद्यापीठीय महिला हॉकीसाठी तो विक्रम होता.

व्हॉलीबॉलचीही कथा याच वळणाची आहे. २०१२ च्या अखेरीस केली शेफील्ड यांना नेमण्यात आले, त्यांना पुरेसा वेळ मिळाला, आणि राष्ट्रीय विजेतेपद आले ते डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे अल्व्हारेझ निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी. बास्केटबॉलमध्ये रायन यांचा संघ २०१४ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचला आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात ड्यूककडून ६८–६३ असा हरला. डिसेंबर २०१५ मध्ये रायन हंगाम अर्ध्यावर असतानाच निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे दीर्घकाळचे सहायक ग्रेग गार्ड यांना थेट कायम न करता अल्व्हारेझ यांनी उरलेला हंगाम त्यांचे काम पाहिले आणि मगच पद दिले. माजी प्रशिक्षकाला सहकाऱ्याची पारख असते असे म्हणतात. येथे ती पारख घाई न करण्यात दिसली.

या सगळ्या खेळांत एक समान धागा आहे. ज्या खेळाचे अल्व्हारेझ यांना स्वतः तज्ज्ञ म्हणून काही सांगायचे नव्हते, त्या खेळात ते उत्तम संचालक होते. फुटबॉलमध्ये मात्र ते संचालकाच्या खुर्चीतही प्रशिक्षकच राहिले.

२००५ च्या जुलैत, शेवटचा हंगाम सुरू होण्याआधीच, त्यांनी आपला वारसदार जाहीर केला. हे वारसदार म्हणजे ब्रेट बीलेमा, त्यांच्याच बचावाचे समन्वयक आणि फ्राय यांचे माजी खेळाडू. बीलेमा यांनी निकाल चांगले दिले. २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे संघ बिग टेनचा विजेता किंवा सहविजेता होता आणि तिन्ही वेळा रोझ बाउलला गेला. तिन्ही वेळा हरलाही, पण त्यातला तिसरा सामना बीलेमा यांच्या खात्यावर नाही, कारण डिसेंबर २०१२ मध्ये ते आर्कान्सोला निघून गेले. जाताना त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते सहायक प्रशिक्षकांचे पगार, जे इतर विद्यापीठे वाढवत होती आणि विस्कॉन्सिन हात आखडता घेत होते. यानंतर बाहेरचे म्हणता येतील असे गॅरी अँडरसन आले. २०१४ च्या कॉन्फरन्स अंतिम सामन्यात ओहायो स्टेटकडून संघ ५९–० असा चिरडला गेला आणि लगेच तेही ऑरेगन स्टेटला गेले. त्यांची नाराजी प्रवेशाच्या शैक्षणिक अटींविषयी होती. विद्यापीठाने त्या अटी सैल केल्या नाहीत हे मला योग्यच वाटते, पण नेमणूक करताना उमेदवाराला त्यांची स्पष्ट कल्पना देणे हे संचालकाचे काम होते.

या दोन्ही रिकाम्या जागी बाउल सामन्यांत मैदानाच्या कडेला कोण उभे राहिले? खुद्द संचालक. खेळाडूंच्याच आग्रहावरून २०१३ च्या रोझ बाउलमध्ये वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अल्व्हारेझ यांनी संघाची सूत्रे घेतली आणि स्टॅनफर्डकडून २०–१४ असे हरले. २०१५ च्या आउटबॅक बाउलमध्ये त्यांनी पुन्हा तेच केले आणि ऑबर्नला जादा वेळेत ३४–३१ असे हरवले. चाहत्यांना हे दोन्ही प्रसंग फार प्रिय आहेत, आणि खेळाडूंना त्या दिवसांत आधार हवा होता, हेही खरे. तरीही दोन वर्षांच्या अंतराने दोनदा प्रशिक्षक सोडून जातो आणि दोनदा संचालकच शिट्टी गळ्यात अडकवतो, तेव्हा मला त्यात संस्थेची दुसरी फळी कच्ची असल्याचे चिन्ह दिसते. एखाद्या उपाहारगृहाचा मालक दर दोन वर्षांनी स्वतःच शेगडीपाशी उभा राहिलेला दिसला, तर जेवण कितीही चविष्ट असले तरी आचारी का टिकत नाही असे आपण विचारतोच.

अँडरसन यांच्या जागी मॅडिसनमध्येच जन्मलेले आणि तेथेच खेळलेले पॉल क्रिस्ट आले. २०१७ चा हंगाम त्यांनी १३–१ असा, म्हणजे तेरा विजय आणि एक पराभव असा, संपवला. त्यांच्या काळात संघ बहुतेक वर्षी जिंकत राहिला, बाउलला जात राहिला आणि राष्ट्रीय प्लेऑफच्या चार संघांत कधीच पोहोचला नाही. भक्कम आक्रमक फळी, चेंडू घेऊन धावणारा दणकट खेळाडू, शिस्तबद्ध बचाव: १९९३ मध्ये जे चालले, तेच २०१९ मध्येही चालू होते. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की माल खात्रीचा होता आणि त्याच्यात फरक पडत नव्हता. २००२ पासून सुरू झालेली सलग बाउल सामन्यांची मालिका २०२३ पर्यंत टिकली, ही खात्री थोडीथोडकी नाही. पण पद्धत घडवणाराच जेव्हा संचालक असतो, तेव्हा ती पद्धत जुनी झाली आहे हे त्याला सांगणार कोण? चार तारे देऊन पाचवा रोखण्याचे माझे कारण एवढेच आहे.

उरलेल्या त्रुटी थोडक्यात नोंदवतो. पुरुषांची हॉकी २०१० च्या अंतिम सामन्यानंतर घसरत गेली, कोल सेंटरमधील गर्दी ओसरली, आणि तरीही प्रशिक्षक बदलायला २०१६ उजाडले. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये २०१० नंतर संघ एकदाही विद्यापीठीय खेळांची संघटना एनसीएए हिच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला नाही. तेथे प्रशिक्षक मागून प्रशिक्षक बदलूनही फरक पडला नाही. २०१२ च्या जानेवारीत रोझ बाउलच्या मुक्कामातील एका पार्टीनंतर विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर विद्यार्थी कर्मचाऱ्याने गंभीर आरोप केले, त्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला आणि विद्यापीठाला चौकशी नेमावी लागली. सामन्याला गेलेल्या प्रेक्षकाला यातले काही दिसत नाही, पण ज्या विभागात विद्यार्थी काम करतात तेथील वरिष्ठांच्या वागणुकीची अंतिम जबाबदारी संचालकाचीच असते.

सामन्याच्या दिवसाच्या अनुभवाला पूर्ण गुण द्यावे लागतील, जरी त्यातले सर्वांत चांगले भाग संचालकाने घडवलेले नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या सत्राच्या मध्ये अवघे स्टेडियम उड्या मारू लागते, ही प्रथा १९९८ पासूनची. सामना संपल्यावर वाद्यवृंद मैदानात उतरून जो धुमाकूळ घालतो, ती माइक लेक्रोन यांची देणगी. त्यांनी १९६९ ते २०१९ अशी पन्नास वर्षे तो वाद्यवृंद चालवला. अल्व्हारेझ यांनी हे सारे राहू दिले, त्यावर व्यवस्थापनाची इस्त्री फिरवली नाही. खटकणारी बाब म्हणजे चांगल्या जागांच्या सीझन तिकिटांना जोडलेली देणगी. ही पद्धत आता देशभर रूढ आहे, पण तिच्यामुळे राज्याच्या विद्यापीठाचा सामना पाहणे सामान्य कुटुंबाला दिवसेंदिवस जड होत जाते.

याच जातीच्या इतर कारकिर्दींशी तुलना केली, तर विस्कॉन्सिनचा ग्राहक सुदैवी ठरतो. टेनेसीमध्ये १९९८ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे प्रशिक्षक फिलिप फुल्मर २०१७ च्या अखेरीस संचालक झाले. त्यांनी नेमलेल्या प्रशिक्षकाला खेळाडू भरतीतील नियमभंगावरून जानेवारी २०२१ मध्ये काढावे लागले आणि त्याच वेळी फुल्मरही पायउतार झाले. नेब्रास्कात टॉम ऑस्बर्न २००७ मध्ये संचालक म्हणून परतले आणि विद्यापीठाला बिग टेनमध्ये घेऊन गेले, पण मैदानावरचे जुने वैभव काही परतले नाही. दीर्घ पल्ल्याचा विचार केला तर अल्व्हारेझ यांच्या पंक्तीला मला जॉर्जियाचे व्हिन्स डूली बसवावेसे वाटतात. तेही आधी फुटबॉल प्रशिक्षक होते, काही वर्षे त्यांच्याकडेही दोन्ही पदे होती, आणि ते २००४ पर्यंत संचालक राहिले.

अल्व्हारेझ ३० जून २०२१ रोजी निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवसापासून विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. घराघरांत जाऊन पालकांचा विश्वास मिळवणे आणि खेळाडूला चार वर्षे घडवणे हे ज्यांचे बळ होते, त्यांच्या हातून हा नवा व्यवहार कसा पार पडला असता, याचे उत्तर आता कधीच मिळणार नाही. त्यांच्या जागी १९९९ च्या संघातील खेळाडू ख्रिस मॅकिंटॉश आले, म्हणजे पुन्हा घरचेच. पण १ ऑक्टोबर २०२२ रोजी बीलेमा यांच्या इलिनॉय संघाने कॅम्प रँडलमध्येच विस्कॉन्सिनला ३४–१० असे हरवले, तेव्हा मॅकिंटॉश यांनी दुसऱ्याच दिवशी क्रिस्ट यांना निरोप दिला आणि पुढे बाहेरून लूक फिकेल यांना आणले. खेळाची ठेवण बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि २०२४ मध्ये ५–७ अशा हंगामाने बाउलची ती लांब मालिका तुटली. अल्व्हारेझ यांच्या काळातील खात्रीची किंमत काय होती ते, बदल लांबवणारे आणि ती खात्री आता आठवणारे, दोघेही आपापल्या परीने मोजत आहेत.

मॅडिसनला जाणाऱ्याने या सेवेतले काय घ्यावे, तेही सांगतो. शरद ऋतूत गेलात तर फुटबॉलचा एक सामना जरूर पाहावा. चौथे सत्र सुरू होण्यापूर्वी जागा सोडू नये आणि सामना संपला तरी वाद्यवृंदासाठी थांबावे. त्याच दिवसांत कॅम्प रँडलला लागून असलेल्या, १९३० साली उघडलेल्या फील्ड हाउसमध्ये व्हॉलीबॉलचे सामने असतात, ते चुकवू नयेत. आणि एकच तिकीट काढायचे असेल, तर ते लबान अरीनातील महिला हॉकीचे काढावे. खुर्च्या थोड्या असल्याने ते आधी काढून ठेवावे लागते, आणि बर्फाजवळच्या रांगेतली जागा मिळाली तर जाड कोट बरोबर असू द्यावा.